सात ते सात दहा

नळेगाव रस्त्याला आमचा दूध संघ, उदगीर.
मागं शीतगृह, त्याच्या भिंतीला टेकून माझी खोली:
दोन एसी, त्यातला एक बंद,
आणि रॅकमध्ये घरघरणाऱ्या बारा डिस्क.
भिंतीपलीकडं दूध, चार अंशांवर.
अलीकडं दुधाचा हिशोब, अठरावर.
दोन्ही नासणारे.

दर तासाला स्नॅपशॉट निघतो.
निघतो म्हणजे तसं काही निघत नाही,
हे नव्या चेअरमनना सांगण्यात माझी एक दुपार गेली.
"मग फोटो कुठाय?"
फोटो नसतो साहेब. नक्कलही नसते.
डेटाबेसला म्हणायचं, थांब, श्वास धर,
एक्स-रेवाला म्हणतो तसं,
आणि कोणता ब्लॉक कुठं बसलाय
तेवढे पत्ते टिपून घ्यायचे.
सोड श्वास.
मग जुन्यावर नवं लिहायला कुणी आलं
की आधी जुनं उचलून बाजूला ठेवायचं.
ते पंख्याकडं बघत राहिले.
म्हटलं, गाडगं विसळायच्या आधी
घरी चमचाभर दही वाटीत काढतात ना?
"हां. विरजण."
सही केली.

मंगळवारी सकाळी सात दहाला
मी स्वतःच्या हातानं आजचं दूध पुसलं.
दुबार नोंदी काढत होतो,
अट लिहायची राहिली, बोट एंटरवर पडलं.
सत्तावीस गावं, शून्य लिटर.

सातच्या स्नॅपशॉटवर मागं गेलो.
दीड मिनिटात हेर परत आलं, वाढवणा आलं,
सगळी गावं आपापल्या कॅनसकट.
फक्त दहा मिनिटं आली नाहीत.
पावत्यांच्या नंबरांत एकेचाळीसची फट.
दूध टाकीत होतंच.
कुणाचं ते टाकीला सांगता येईना.

दिवसभर फोन.
पावत्यांवरची शाई उन्हानं उडालेली,
एकीत तंबाखू बांधलेली,
एक पोरानं चघळलेली.
देवर्जनच्या नागरबाई बिरादारांनी
माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही:
"तीन लिटर सातशे. फॅट चार दोन.
काल चार चार होतं, सरकी कमी पडली."
पावती आहे का, आजी?
"वाऱ्यानं नेली. माझी देवणी हाय बाबा,
मला ठावं नसतंय व्हय?
लिही."
लिहिलं.

त्या रात्री झोपेत नव्हे, जेवताना लक्षात आलं
की आपली वाटी आणि आपलं गाडगं
एकाच शिंक्यात टांगलेलं आहे.
स्नॅपशॉट राहतो त्याच बारा डिस्कवर.
मांजराला एक उडी पुरे.
आई शेजारी शमीमचाचींकडं विरजण देऊन ठेवायची,
आणि आमचं फाटलं की मला वाटी देऊन पिटाळायची:
"लाजतोस कशाला, आपलंच हाय. मागून आण."
आता पहाटे दोनला
दिवसभराची एक प्रत लातूरला जाते,
मी कधी न पाहिलेल्या मशीनकडं.
महिन्यातून एकदा मागून आणतो,
लागतंय का बघायला.
न लावलेलं विरजण
नुसतं आंबट पाणी असू शकतं.

एकेचाळीसपैकी चाळीस जुळल्या.
एक लिटर आठशे उरलं.
टाकीत भरतं, कुणाच्या नावावर बसत नाही.
पगाराच्या दिवशीही कुणी विचारायला आलं नाही.
लहान वासराची गाय असेल,
किंवा माणूस भांडणारं नसेल.
नावाचा रकाना कोरा ठेवून मी ती ओळ तशीच ठेवली.

जुने स्नॅपशॉट तीस दिवसांनी आपोआप गळतात.
त्या मंगळवारचा, सातचा, मी धरून ठेवलाय.
भोवतालचं जसं बदलतं तसा तो जड होत जातो,
बदललेलं सगळं जुनं त्यालाच सांभाळावं लागतं.
डिस्क भरत आल्या की त्याचं नाव लाल होतं.
चेअरमन विचारतात, हा कशाला?

त्यात ते दूध नाहीच.
ते सातनंतरचं.
तरी.